मुतखड्याच्या कॅप्सूलनं वीर्य येणंच थांबलं, आता काय करू?

प्रश्न : माझं वय ३३. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, सहा महिन्यांपासून मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू आहेत. मे महिन्यात डाव्या कुशीत जोरात कळ आली. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला ६ मिमीचा खडा निघाला. डॉक्टरांनी सिलोडोसिन ८ मिग्रॅची कॅप्सूल रोज रात्री एक, अशी चार आठवड्यांसाठी दिली. आज अठरावा दिवस. कळ थांबली, पण खडा पडलेला दिसला नाही. मात्र तिसऱ्या दिवसापासून संबंधाच्या शेवटी वीर्यच येत नाही. ताठरता येते, शेवटही होतो, पण सगळं कोरडं. धातू आतल्या आत कुठं जातो? कायमचं काही बिघडलं का? पुढच्या आठवड्यात वीर्यतपासणी ठरली आहे, ती करू का? मेडिकलवाला ‘ताकदीची गोळी’ देतो म्हणतो. माझे वडील दोन वर्षांपासून प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतात, त्यांनी असं कधी सांगितलं नाही. पत्नीला पाळीत पोट फार दुखतं, ती मेफेनॅमिक-डायसायक्लोमिनची गोळी घेते. तिच्या गोळीनंही अडचण येते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कायमचं काही बिघडलेलं नाही. तुम्ही सांगता तो या औषधाचा सगळ्यांत माहितीतला परिणाम आहे आणि कॅप्सूल बंद झाली की तो जातो. अमेरिकेत प्रोस्टेटच्या रुग्णांवरच्या ज्या चाचण्यांवरून सिलोडोसिनला मान्यता मिळाली, त्यांत ८ मिग्रॅ घेणाऱ्या दर शंभरांतल्या २८ पुरुषांना हेच झालं होतं. औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांत शंभरात जेमतेम एकाला. मूल हवं असलेल्या तिशीतल्या माणसाला कॅप्सूल लिहून देतानाच हे एका वाक्यात सांगायला हवं होतं. न सांगितल्यामुळं माणूस अठरा दिवस घाबरून राहतो, नाहीतर कोणाला न विचारता गोळी सोडून देतो.

खड्याची गोळी तिकडे कशी पोचली, ते समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय सोपे जातील.

मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी मूत्रवाहिनी आणि वृषणाकडून शुक्रजंतू पुढं नेणारी शुक्रवाहिनी, या दोन्ही नळ्यांच्या भिंती अनैच्छिक स्नायूच्या आहेत. हा स्नायू आपल्या मर्जीनं चालत नाही. त्याच्यात नसांची टोकं पसरलेली असतात, टोकांतून रसायन सुटतं, स्नायूच्या पेशीवर त्या रसायनासाठी ठरलेला रिसेप्टर असतो, आणि तो चेतला की पेशी आकसते. नॉरअॅड्रेनालिन या रसायनाचा अल्फा-१ए नावाचा रिसेप्टर मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला आहे, प्रोस्टेटमध्ये आहे, लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी आहे, वीर्यकोशात आहे आणि शुक्रवाहिनीत तर भरपूर आहे. सिलोडोसिन त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि नॉरअॅड्रेनालिनला जागा देत नाही. खड्याभोवती आवळलेली नळी सैल पडते, कळ थांबते, खड्याला खाली सरकायला वाट मिळते. पण घरातल्या दोन खोल्या एकाच फ्यूजवर असाव्यात तशी ही जोडणी आहे. एका खोलीसाठी फ्यूज काढला की दुसरीतही अंधार.

आता त्या दुसऱ्या खोलीत एरवी काय घडतं ते पाहा. वीर्य बाहेर येणं ही दोन टप्प्यांची क्रिया आहे. पहिल्या टप्प्यात कण्याच्या छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या भागातून, म्हणजे साधारण टी-१० ते एल-२ या पातळीवरून निघालेल्या सिम्पथेटिक नसा, म्हणजे आपल्या मर्जीविना चालणाऱ्या नसा, काम करतात. शुक्रवाहिनी ही फूटभराहून लांब, दोरीसारखी कडक नळी. तिच्या आतली पोकळी अगदी बारीक आणि भोवतीची स्नायूची भिंत मात्र जाडजूड. नसेचा संदेश आला की ती आखडते आणि शुक्रजंतूंना पुढं ढकलते. पाठोपाठ वीर्यकोश आणि प्रोस्टेट आपापला रस मूत्रमार्गाच्या मागच्या भागात सोडतात. त्याच वेळी लघवीच्या पिशवीचं तोंड घट्ट मिटतं, म्हणजे माल मागं जात नाही. हे सगळं झाल्यावर दुसरा टप्पा : मूत्रमार्गाच्या मुळाशी असलेले, आपल्या हातापायांच्या जातीचे स्नायू झटके देऊन वीर्य बाहेर फेकतात. त्यांची नस वेगळी, माकडहाडाजवळच्या एस-२ ते एस-४ मधून येणारी, आणि तिचा अल्फा रिसेप्टरशी संबंध नाही. ताठरता येते ती आणखी वेगळ्या नसांनी आणि नायट्रिक ऑक्साइड या रसायनानं. म्हणून तुमच्या बाबतीत ताठरता आहे, झटके आहेत, शेवट झाल्याची जाणीव आहे. फक्त फेकायला पुढं काही आलेलंच नाही. काहींना ती जाणीवही थोडी फिकी वाटते.

पेशीच्या आत जे घडतं ते थोडं खोलात सांगतो, कारण गोळी नेमकी कुठं अडवते ते तिथंच कळतं. सिम्पथेटिक नसेच्या टोकातून एका वेळी दोन रसायनं सुटतात, एटीपी आणि नॉरअॅड्रेनालिन. एटीपी हे पेशीतल्या ऊर्जेचं चलन म्हणून शाळेत शिकलेलं असतं, पण इथं ते निरोप्या असतं. त्याचा रिसेप्टर पी२एक्स१ हा स्वतःच एक दार आहे. एटीपी बसलं की दार उघडतं, सोडियम आणि कॅल्शियम आत शिरतं, पेशीचा विद्युतभार बदलतो, त्यानं कॅल्शियमची आणखी दारं उघडतात आणि एक झटपट आकुंचन येतं. नॉरअॅड्रेनालिनचं काम सावकाश पण टिकाऊ. अल्फा-१ए चेतला की आतल्या बाजूचं जीक्यू प्रथिन जागं होतं, ते फॉस्फोलायपेज-सी या एन्झाइमला कामाला लावतं, त्यातून आयपी-३ तयार होतं आणि आयपी-३ पेशीतल्या साठ्यातलं कॅल्शियम मोकळं करतं. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी जोडी करून मायोसिन या स्नायूतल्या धाग्यावर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम चालू करतं. फॉस्फेट चढलं की मायोसिन अॅक्टिनला ओढतं आणि स्नायू आखडतो. याच वेळी रो-कायनेज हे दुसरं एन्झाइम फॉस्फेट उतरू देत नाही, म्हणून आकुंचन टिकून राहतं. सिलोडोसिन या साखळीची पहिलीच कडी अडवतं. पुढचं सगळं जागच्या जागी, धडधाकट असतं. गोळी बंद झाल्यावर सगळं पूर्वीसारखं होतं ते याचमुळं.

एटीपीचा मार्ग औषधानं बंद होत नाही, पण तो एकटा पुरत नाही. उलट बाजूनंही तेच खरं आहे. २००० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी पी२एक्स१ नसलेले उंदीर तयार केले. त्या नरांचं वागणं नेहमीसारखं, शुक्रजंतू उत्तम, तरी प्रजननक्षमता सुमारे ९० टक्क्यांनी घटलेली, कारण शुक्रवाहिनी पुरेशी आखडत नव्हती. दोन्ही निरोप मिळाले तरच नळी नीट काम करते.

तर, धातू जातो कुठं? बहुतांशी कुठंच नाही. औषधाच्या वेष्टणातल्या कागदावर ‘वीर्य उलटं जाणं’ असं लिहिलेलं असतं, आणि पिशवीचं तोंड सैल पडल्यामुळं थोडं मागं जाऊही शकतं. मग नंतरची लघवी गढूळ दिसते. पण २००६ साली ४८ निरोगी पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात याच जातीचं टॅमसुलोसिन रोज ०.८ मिग्रॅ, म्हणजे नेहमीच्या दुप्पट, पाच दिवस दिलं. जवळपास ९० टक्के जणांचं वीर्य कमी झालं, सुमारे ३५ टक्क्यांचं पूर्ण थांबलं, आणि लघवीत मात्र शुक्रजंतू वाढलेले आढळले नाहीत. म्हणजे मुख्य गोष्ट वीर्य पुढं न ढकललं जाणं हीच. वीर्याचा दोन तृतीयांश किंवा अधिक भाग वीर्यकोशाचा, उरलेला बहुतेक प्रोस्टेटचा, शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा. हे रस ग्रंथींतच राहतात आणि शुक्रजंतू शरीर शोषून घेतं. ते साठून गाठ होत नाही, रक्तात जाऊन अशक्तपणा आणत नाही. धातू मुरला, मणक्यात उतरला असं सांगून पुड्या विकणारे एसटी स्टँडच्या बाहेरही भेटतील. त्यांना पैसे देऊ नका.

आता कामाचं बोलू. कॅप्सूल आज मनानं बंद करू नका. पहिला प्रश्न खड्याचा आहे, कारण मूत्रपिंड वाट पाहत नाही. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नसतं. अडकलेला खडाही कधीकधी गप्प बसतो आणि वर मूत्रपिंड फुगत राहतं. ५ मिमीपर्यंतचे बरेचसे खडे आपोआप पडतात, ५ ते १० मिमीचे निम्मेच. वाट पाहण्याची मुदत सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे. तुम्ही अठराव्या दिवशी आहात. या आठवड्यातच युरॉलॉजिस्टला भेटा, लघवीची पिशवी भरलेली ठेवून सोनोग्राफी करून घ्या आणि सोबत पोटाचा एक्स-रे. खडा दोन्हींत दिसला नाही आणि शंका राहिली, तर कमी किरणांचा साधा सीटी स्कॅन पक्कं सांगतो. क्रिएटिनिनही तपासा, कारण मूत्रपिंडाचं काम मध्यम घटलेलं असेल तर सिलोडोसिन ४ मिग्रॅच द्यायचं असतं आणि फार घटलं असेल तर द्यायचंच नसतं.

खडा पडलेला असेल, तर कॅप्सूलचं काम संपलं. औषधाचा अर्धा भाग सुमारे १३ तासांत उतरतो, त्याच्यापासून बनणारा सक्रिय भाग सुमारे २४ तासांत. हिशेब केला तर पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत शरीरात नगण्य उरतं. बऱ्याच जणांना वीर्य त्याच्या आधीच दिसायला लागतं. खडा अजून तिथंच असेल तर डॉक्टरांशी सरळ बोला : ‘मूल हवं आहे, या कॅप्सूलनं वीर्य थांबलंय.’ अल्फुझोसिन १० मिग्रॅ हे याच जातीचं औषध अल्फा-१ए वर एवढं नेमकं बसत नाही. वर सांगितलेल्या २००६ च्या अभ्यासात तेही देऊन पाहिलं होतं, आणि ते घेणाऱ्या एकाचंही वीर्य पूर्ण थांबलं नव्हतं. मात्र अल्फुझोसिननं रक्तदाब थोडा जास्त उतरू शकतो. किंवा दुर्बिणीनं खडा काढून टाकायचा, म्हणजे आठवडे मोजत बसायला नको. मूल लवकर हवं असेल आणि चार आठवडे भरूनही खडा हलला नसेल, तर दुर्बीण हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो.

थंडी वाजून ताप आला, लघवी थांबली किंवा उलट्यांमुळं पाणीही ठरेना, तर मात्र वेळ न घालवता रुग्णालय गाठा. अडकलेल्या खड्यामागं जंतुसंसर्ग झाला तर तो काही तासांत अंगात पसरतो.

संबंध टाळायची गरज नाही. २०१५ साली तुर्कस्तानात झालेल्या एका छोट्या चाचणीत ६ मिमीपर्यंतच्या, मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाच्या खड्यांसाठी आठवड्यातून तीन-चार वेळा संबंध ठेवणाऱ्या गटात दोन आठवड्यांत टॅमसुलोसिनच्या गटापेक्षा जास्त खडे पडले. चाचणी लहान होती, तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका, पण भीतीचं कारण नाही एवढं नक्की.

कॅप्सूल चालू असेपर्यंत ती रात्रीच्या जेवणासोबतच घ्या. रिकाम्या पोटी रक्तदाब जास्त उतरतो. रात्री लघवीला उठताना आधी मिनिटभर पलंगावर बसा. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडच्या घामाच्या दिवसांत ती फार घडते. जांघेतल्या गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दुकानातून सर्रास घेतल्या जातात. इट्राकोनॅझोल, किटोकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन यांच्यासोबत सिलोडोसिन घ्यायचं नाही. ही औषधं यकृतातलं ज्या एन्झाइमनं सिलोडोसिन मोडतं तेच बंद करतात, मग रक्तातलं प्रमाण कितीतरी वाढतं आणि माणूस यंत्रापाशी उभ्या उभ्या कोसळू शकतो. मेडिकलवाल्याची ‘ताकदीची गोळी’ बहुधा सिल्डेनाफिल असणार. तिनं वीर्य येणार नाही, कारण तुमची अडचण ताठरतेची नाहीच, आणि दोन्ही मिळून रक्तदाब पाडतील. सुडोएफेड्रिन किंवा इमिप्रॅमिननं वीर्य परत येतं असंही कोणी सांगेल. मधुमेहानं नसा दुबळ्या झालेल्यांना डॉक्टर ती कधीकधी देतात. नसेच्या टोकाशी नॉरअॅड्रेनालिन वाढवणं हे त्यांचं काम. तुमच्या बाबतीत रिसेप्टरच अडवलेला आहे, तेव्हा नॉरअॅड्रेनालिन वाढवून छातीत धडधड तेवढी होईल.

या जातीच्या औषधाशी आपल्या भागाची जुनी ओळख आहे, जाता जाता सांगतो. लाल विंचू चावला की त्याचं विष नसांच्या टोकांतून नॉरअॅड्रेनालिनसारखी रसायनं भडाभडा सोडायला लावतं. हातपाय गार पडतात, हृदय थकतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्यावर प्राझोसिन वापरून जीव वाचवले. प्राझोसिनही अल्फा-१ अडवणारंच, पण ते रक्तवाहिन्यांवरचे रिसेप्टरही तितकेच अडवतं. सिलोडोसिन नेमकं अल्फा-१ए निवडतं. रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा-१बी पेक्षा त्याची ओढ दीडशे पटींहून जास्त. त्यामुळं रक्तदाब फारसा पडत नाही. त्याची किंमत शुक्रवाहिनी मोजते.

वीर्यतपासणी पुढच्या आठवड्यात करू नका. आता नमुना दिला तर अहवालात वीर्य नाही किंवा ०.२ मिलि असं काहीतरी येईल आणि तो कागद फाइलमध्ये राहून तुम्हाला वर्षभर छळेल. खरं तर पत्नी पस्तिशीच्या आतली असेल तर वर्षभर प्रयत्न केल्यावरच तपासणीची वेळ येते. करायचीच असेल तर शेवटच्या कॅप्सूलनंतर किमान आठवडा जाऊ द्या, नमुन्याच्या आधी दोन ते सात दिवस संबंध नको, आणि शक्यतो नमुना प्रयोगशाळेतच द्या. घरून न्यायचा असेल तर तासाभराच्या आत, शर्टाच्या आतल्या खिशात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलात तर शुक्रजंतू मरतील आणि दोष तुमच्यावर येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे १.४ मिलि वीर्य, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू आणि हलणारे ४२ टक्के ही खालची पातळी.

कॅप्सूल बंद होऊन दोन आठवडे झाले तरी कोरडंच राहिलं, तर मग दुसरं कारण शोधायचं. लघवी करून पिशवी रिकामी करा, हस्तमैथुनानं शेवट गाठा आणि लगेच पुढची लघवी भांड्यात द्या. प्रयोगशाळा ती फिरवून शुक्रजंतू बघते. सापडले तर वीर्य उलटं जातंय. साखर तपासा, कण्याची किंवा ओटीपोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर सांगा, मानसिक आजारावरची औषधं चालू असतील तर तीही. रिस्पेरिडोनसारखी काही औषधं हाच रिसेप्टर अडवतात.

वीर्य परत आलं की प्रयत्न लगेच सुरू करा, थांबायचं कारण नाही. पत्नीची पाळी २८ दिवसांची असेल तर पहिल्या दिवसापासून मोजून दहाव्या ते पंधराव्या दिवसात दिवसाआड संबंध ठेवा. पाळी ३२ दिवसांची असेल तर हे दिवस चारनं पुढं सरकतात.

पत्नीच्या दुखण्याचं गणित वेगळं आहे. पाळीत गर्भपिशवीचा स्नायू आखडतो तो नसेच्या निरोपानं कमी आणि अस्तरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनमुळं जास्त. मेफेनॅमिक अॅसिड प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही, म्हणून ते दुखणं पेटण्याआधी, पाळी सुरू होताच घेतलं तर नीट लागू पडतं. जेवणानंतर, दोन-तीन दिवसच. डायसायक्लोमिन अॅसिटिलकोलीनचा रिसेप्टर अडवतं. गर्भपिशवीत त्याचा हात मर्यादित आहे, तोंड मात्र कोरडं पडतं. नुसती मेफेनॅमिक पुरते का ते बघायला हरकत नाही. पाळीच्या दिवसांत घेतलेल्या गोळीनं गर्भधारणेला अडथळा येत नाही. महिन्याच्या मधल्या दिवसांत डोकं-कंबर दुखतं म्हणून ती घेऊ नये, कारण बीज बाहेर पडायलाही प्रोस्टाग्लँडिन लागतं. पाळी चुकलेली असेल तर आधी लघवीची चाचणी. गोळी चालू असताना अंगावर पुरळ आणि ताप आला तर बंद करून दाखवा. दुखणं वर्षागणिक वाढतंय किंवा संबंधाच्या वेळीही दुखतं असं असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना एंडोमेट्रिओसिसबद्दल, म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजाराबद्दल विचारा.

पाण्याचं दोन ओळींत. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे कारखान्यातल्या उकाड्यात साडेतीन-चार लिटर पाणी. बोअरच्या पाण्याला शिव्या देण्यापेक्षा ते कमी पितो का हे आधी बघा. शेंगाचटणी सोडायची नाही, मात्र शेंगदाण्यात ऑक्झलेट असतं, म्हणून ती वाटीभर दह्यासोबत खा. दह्यातलं कॅल्शियम ते आतड्यातच बांधून टाकतं. वरून मीठ घेणं बंद करा. लघवी गाळणीतून करा आणि खडा सापडला तर तपासायला द्या.

राहिले वडील. टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅ घेणाऱ्यांत वीर्याची तक्रार शंभरात आठच्या आसपास, म्हणजे तुमच्या कॅप्सूलपेक्षा पुष्कळ कमी. आणि झाली असती तरी साठीतल्या वडिलांनी ती मुलाला सांगितली असती असं वाटत नाही. त्यांना एक विचारा, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय का? डोळ्याची बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूतही अल्फा-१ए आहे. ही औषधं घेणाऱ्यांची बाहुली शस्त्रक्रियेत आकसते आणि तिच्याभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडून मध्ये येतो. आधी माहीत असलं तर सर्जन त्याची तयारी ठेवतात. कॅप्सूल चार दिवस बंद केल्यानं हा धोका जात नाही, तेव्हा ती बंद न करता पाकीटच सोबत घेऊन जायला सांगा आणि पहिल्या भेटीतच दाखवायला लावा.